लोकवर्गणीच्या यंत्राची हमी कोण घेणार? मराठवाड्यातील आरोग्य अधिकारी आणि रुग्ण कल्याण समित्यांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे मा. जिल्हा शल्य चिकित्सक,
ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांचे मा. वैद्यकीय अधीक्षक,
आणि या रुग्णालयांच्या रुग्ण कल्याण समित्यांचे सर्व सन्माननीय सदस्य.

विषय : लोकवर्गणीतून मिळणाऱ्या वैद्यकीय उपकरणांची नोंद, वापर आणि देखभाल यांची लेखी हमी, उपकरण स्वीकारण्यापूर्वीच मिळण्याबाबत.

महोदय, महोदया,

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एका तालुक्याच्या गावी राहणारे आम्ही काही शिक्षक, मोंढ्यातील (धान्याच्या बाजारातील) आडते आणि हमाल, बचत गटांच्या महिला, औषध विक्रेते आणि निवृत्त कर्मचारी गेली काही वर्षे आमच्या ग्रामीण रुग्णालयासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करून उपकरणे घेऊन देत आहोत. आमच्यामागे कोणतीही कंपनी किंवा पक्ष नाही. आपल्याकडे आमची मागणी एकच आहे. कोणतेही दान स्वीकारण्यापूर्वी ते यंत्र कोण चालवणार, ते कोठे बसणार, त्याला लागणारे पाणी, वीज आणि सुटे सामान कोठून येणार आणि ते बिघडल्यावर दुरुस्तीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून (सरकारी खर्चाच्या कोणत्या खात्यातून) होणार, हे रुग्णालयाने आम्हाला लेखी कळवावे. आणि यंत्र ज्या दिवशी रुग्णालयात पोहोचेल त्याच दिवशी त्याची जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे रुग्णालयाच्या टिकाऊ मालमत्तेच्या वहीत, नोंद व्हावी. हे ज्या यंत्राबाबत शक्य नसेल ते यंत्र घेण्यास रुग्णालयाने स्पष्ट नकार द्यावा. त्या नकाराचा आम्हाला राग येणार नाही, उलट लोकांचे पैसे वाचतील.

हा पैसा कसा येतो हे आपल्यापुढे ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण कागदावर ‘लोकसहभाग’ असा एकच शब्द लिहिला जातो आणि त्याच्यामागची माणसे दिसत नाहीत. सोयाबीनची आवक सुरू झाली की आमचे स्वयंसेवक मोंढ्यात काट्याजवळ उभे राहतात. माल विकल्यावर शेतकऱ्याच्या हाती जी पट्टी पडते तिच्यात हमाली, तोलाई वजा जाऊन निव्वळ रक्कम मांडलेली असते. ज्याची इच्छा असेल त्याच्या पट्टीच्या तळाशी आडत्या ‘दवाखाना’ असे लिहून पन्नास किंवा शंभर रुपयांची वेगळी ओळ घालतो आणि त्या ओळीपुढे शेतकऱ्याची सही किंवा अंगठा घेतो. २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झालेला असताना खुल्या बाजारात कितीतरी माल त्याच्या खालच्या भावाने गेला, तरीही ही ओळ पट्ट्यांवर येत राहिली. दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघणारी ऊसतोड कुटुंबे मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून वर्गणी देतात. उचल हे डोक्यावरचे कर्ज असते आणि त्यातून दिलेला रुपया हा कर्ज काढून दिलेला रुपया असतो, हे आपणांस सांगायला नको. ही माणसे देतात, कारण त्यांच्या घरातील बाळंतपण, सर्पदंश, विषबाधा आणि छातीतली कळ पहिल्यांदा याच तीस खाटांच्या रुग्णालयात येते. तिथे काही होऊ शकले नाही तर १०८ ची रुग्णवाहिका मिळेपर्यंत थांबायचे आणि मग अंबाजोगाई किंवा लातूर गाठायचे, एवढाच मार्ग त्यांच्यापुढे असतो.

आता आम्ही दिलेल्या एका वॉर्मरची, म्हणजे नवजात बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राची, हकिगत सांगतो. नवजात बाळाच्या अंगाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावे लागते. कमी वजनाच्या किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या अंगावर चरबी फारशी नसते, जन्मतः ते ओले असते, आणि काही मिनिटांतच ते थंड पडू लागते. थंड पडलेले बाळ नीट दूध ओढत नाही, त्याची साखर उतरते, श्वास मंदावतो. वॉर्मरच्या वरच्या दांडीतील हीटर त्याला ऊब देतो, पण ती ऊब किती द्यायची हे ठरवणारा भाग वेगळाच असतो. एका पातळ वायरच्या टोकाला हरभऱ्याच्या डाळीएवढा सेन्सर असतो. सिस्टर तो बाळाच्या पोटावर उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली चिकटपट्टीने लावतात आणि वरच्या हीटरची धग थेट त्याच्यावर पडू नये म्हणून त्यावर चंदेरी चकती बसवतात. बाळाचे अंग थंड झाले की हीटर वाढतो, गरम झाले की कमी होतो. ही वायर प्रत्येक बाळामागे काढली जाते, पुसली जाते, गुंडाळली जाते, आणि बहुतेक वेळा जोडणीच्या पिनेजवळ तुटते. आमच्या वॉर्मरची तशीच तुटली.

सेन्सरशिवाय वॉर्मर चालतो, पण मग हीटर एकाच मापाने तापत राहतो आणि बाळाचे तापमान कोणीतरी थोड्या थोड्या वेळाने थर्मामीटरने पाहावे लागते. रात्रपाळीला प्रसूतिकक्ष आणि वॉर्ड मिळून एकच सिस्टर असताना हे करणे धोक्याचे आहे. बाळ भाजू शकते. म्हणून तेथील सिस्टरांनी यंत्र बंद करून त्यावर चादर टाकली, आणि तो निर्णय योग्यच होता. वायरची किंमत यंत्राच्या किमतीपुढे किरकोळ होती. अधीक्षकांनी तिची मागणी वर पाठवली, तेव्हा यंत्राचा नोंद क्रमांक विचारण्यात आला, आणि असा क्रमांक नव्हताच. वॉर्मर स्वीकारला त्या दिवशी नारळ फुटला, छायाचित्र निघाले, आम्हाला आभाराचे पत्र मिळाले, परंतु नोंदवहीत ओळ पडली नाही. नोंद नाही म्हणून यंत्र सरकारी नाही, सरकारी नाही म्हणून त्याचा सुटा भाग सरकारी खर्चाने घेता येत नाही, अशा टोलवाटोलवीत बरेच महिने गेले. शेवटी वर्गणीतूनच वायर आणली. त्या काळात किती बाळांना गुंडाळून, आईच्या छातीशी धरून पुढच्या रुग्णालयात न्यावे लागले असेल याचा विचार आमच्यातील बचत गटाच्या बायकांच्या मनातून आजही जात नाही. यात त्या सिस्टरांचा किंवा अधीक्षकांचा दोष आम्ही मानत नाही. दान स्वीकारण्याची ठरलेली लेखी पद्धत नसेल तर चांगल्यात चांगल्या माणसालाही हेच करावे लागेल.

नोंद होणे म्हणजे केवळ कारकुनी सोपस्कार असे काहींना वाटते, म्हणून ही बाब थोडी विस्ताराने मांडतो. केंद्र सरकारने २०१५ साली सरकारी रुग्णालयांतील उपकरणांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी देशभर जी मोजदाद झाली तिच्यात २९,११५ आरोग्य संस्थांमधील ७,५६,७५० उपकरणे नोंदली गेली; त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये होती, आणि राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त आढळली. हे आकडे समोर आल्यावरच प्रत्येक यंत्राला ओळख क्रमांक देणे, बिघाडाची तक्रार एका ठिकाणी नोंदवणे, ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती करणे अशी व्यवस्था आखली गेली. जिल्हा रुग्णालयातील यंत्रे ९५ टक्के, आपल्या ग्रामीण रुग्णालयांच्या दर्जाच्या सामुदायिक आरोग्य केंद्रांतील ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ८० टक्के वेळ चालू स्थितीत असावीत असे उद्दिष्ट ठरले. म्हणजे व्यवस्था आहे, तिचे नियम आहेत, तिच्यासाठी पैसाही ठेवलेला आहे. पण ज्या यंत्रावर ओळख क्रमांकच नाही ते या व्यवस्थेच्या दारातच अडते. सरकारने खरेदी केलेल्या यंत्राला हा क्रमांक आपोआप मिळतो; लोकांनी दिलेल्या यंत्राला तो मिळण्यासाठी कोणीतरी आठवण ठेवावी लागते. आठवणीवर चालणारी गोष्ट बदलीच्या आदेशाबरोबर संपते. म्हणून ती नियमाने व्हावी, अशी आमची विनंती आहे.

रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांना येथे विशेषत्वाने दोन शब्द सांगावेसे वाटतात, कारण हे काम सर्वांत आधी त्यांचे आहे. या समितीचा उगमच लोकांच्या देणग्यांत आहे. १९९४ साली इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट झाला होता. प्रशासनाच्या पुढाकाराने आणि लोकांच्या मदतीने ते रुग्णालय रिकामे करून स्वच्छ करण्यात आले आणि त्या अनुभवातून अशा समितीची कल्पना पुढे आली. त्याच वर्षी आपल्या बीड जिल्ह्यातील मामला या गावात प्लेगच्या शंकेने केवढी खळबळ उडाली होती, हे आमच्यातील वयस्क मंडळींना आजही आठवते. पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ही समिती रुग्णालयोरुग्णालयी नेली. देणग्या स्वीकारणे, त्यांचा हिशेब ठेवणे आणि रुग्णांच्या सोयीसाठी खर्च करणे हे या समितीच्या अधिकारात आहे. असे असताना कित्येक ठिकाणी समितीची बैठक म्हणजे आधीच लिहिलेल्या कार्यवृत्तावर सह्या, एवढेच उरले आहे. वर्गणीदारांचा एक प्रतिनिधी या बैठकीला निमंत्रित म्हणून बोलावला आणि मागील वर्षात मिळालेल्या प्रत्येक उपकरणाची स्थिती त्या बैठकीत वाचून दाखवली, तरी निम्मे काम होईल.

आता नकाराविषयी. लोकांचा सर्वाधिक आग्रह असतो तो डायलिसिस यंत्राचा, आणि तो समजण्यासारखा आहे. मूत्रपिंड निकामी झालेला माणूस आठवड्यातून दोन-तीन वेळा एसटीने किंवा भाड्याच्या जीपने जिल्ह्याच्या ठिकाणी जातो, त्याच्यासोबत घरातला एक कमावता माणूस जातो, आणि त्या दिवसाची दोघांचीही मजुरी बुडते. गावातल्या गावात यंत्र आले तर ते घर वाचेल, असे प्रत्येकाला वाटते. पण डायलिसिस यंत्र एकटे चालत नाही. रक्त शुद्ध करणारा द्रव मिनिटाला साधारण ५०० मिलिलीटर वेगाने वाहतो; चार तासांच्या एका सत्राला १२० लिटर शुद्ध पाणी केवळ त्यासाठी लागते, आणि एवढे शुद्ध पाणी काढताना आरओ (पाणी गाळून शुद्ध करणारे) संयंत्र त्याखेरीज बरेच पाणी वाया घालवते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे ज्या प्रदेशाने पाहिले आहे तेथे हा हिशेब आधी करायला हवा. पाण्याचे प्रमाण पुरेसे असले तरी त्याचा गुण वेगळा पाहावा लागतो. आपल्या भागातील कूपनलिकांचे पाणी जड आहे, काही पट्ट्यांत फ्लोराइड आहे, उन्हाळ्यात टँकर आज एका विहिरीवरून भरतो आणि उद्या दुसऱ्या. नळाच्या पाण्यातील क्लोरीन नीट काढले गेले नाही तर ते डायलिसिसवरील रुग्णाच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडते. पाणी नियमित तपासणारा, आरओची पडदी वेळेवर बदलणारा, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि परिचारिका असलेला विभाग उभा राहिला तरच त्या यंत्राला अर्थ आहे. म्हणून कोणी दाता उत्साहाने डायलिसिस यंत्र घेऊन आला, तर ‘पाण्याचे पुढे पाहू’ असे उत्तर त्याला मिळू नये. मे महिन्यात रोज किती लिटर पाणी मिळेल, हे अधीक्षकांनी त्याला आकड्यात सांगावे. ते सांगता येत नसेल, तर तेवढ्याच पैशात रुग्णालयाच्या छतावरचे पावसाचे पाणी साठवण्याची टाकी बांधून मागावी. लोक तिलाही पैसे देतील, याची खात्री आम्ही देतो.

सोनोग्राफी यंत्राची गोष्ट याहून नाजूक आहे. गर्भलिंग निदानाला प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या केंद्राला असे यंत्र विकता किंवा देता येत नाही, हे अनेक सद्भावी दात्यांना ठाऊक नसते. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या बीड जिल्ह्यात अवघी ८०७ होती. ज्या मातीत हे घडले तेथे हा कायदा काटेकोरपणे पाळला जावा, यावर आमच्यात दुमत नाही. परंतु जिल्ह्यात या कायद्याचे समुचित प्राधिकारी (अंमलबजावणी करणारे अधिकारी) आपणच, म्हणजे जिल्हा शल्य चिकित्सक आहात. तेव्हा आमच्या रुग्णालयाची नोंदणी आहे किंवा नाही, सोनोग्राफी करण्यास पात्र डॉक्टर नेमलेला आहे किंवा नाही, हे वर्गणी सुरू होण्याआधी सांगणे आपल्याला सहज शक्य आहे. क्ष-किरण यंत्राचेही तसेच. अणुऊर्जा नियामक मंडळाने मान्य केलेल्या प्रकारचेच यंत्र हवे, खोलीच्या भिंती पुरेशा जाड हव्यात आणि परवाना घेतल्याखेरीज ते चालवता येत नाही. ही माहिती दात्याला विक्रेत्याच्या तोंडून मिळते तेव्हा ती बहुधा अर्धीच असते.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत गावोगावच्या मंडळांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दिले. तेव्हा त्यांनी जीव वाचवले. आज त्यांतील कित्येक खोक्यांसह कोठीत धूळ खात पडले आहेत. हे यंत्र हवेतील नायट्रोजन शोषून घेणाऱ्या झिओलाइटच्या खड्यांवर चालते. ते दीर्घकाळ बंद राहिले तर ओलावा शिरून खडे निकामी होऊ लागतात, आणि मग यंत्र सुरू होते, आवाज करते, पण त्यातून येणाऱ्या हवेत ऑक्सिजन पुरेसा नसतो. दमेकरी रुग्णाच्या नाकाला नळी लावल्यावर हे कळले तर काय उपयोग? ही यंत्रे ठरावीक काळाने काही तास चालवून पाहावीत, त्यांतून येणाऱ्या ऑक्सिजनचे प्रमाण मापकाने तपासावे, गाळण्या धुवाव्यात, आणि जी रुग्णालयात लागत नाहीत ती प्राथमिक आरोग्य केंद्रांना द्यावीत. हे काम आमचे स्वयंसेवक आपल्या देखरेखीखाली करायला तयार आहेत. पण हीदेखील यंत्रे नोंदवहीत नसतील, तर ती एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत हलवण्याचा अधिकारही कोणाला नाही, आणि घोंगडे भिजत पडते.

विजेचा विषय आम्ही अधिक गांभीर्याने मांडतो. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला लागलेल्या आगीत दहा बाळे गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा आणि विद्युत तपासणीची चर्चा झाली. दान आलेले प्रत्येक यंत्र हा जुन्या वायरिंगवरचा नवा भार असतो. एका खोलीत वॉर्मर, काविळीच्या बाळांसाठीचे फोटोथेरपीचे दिवे, सक्शन यंत्र, मॉनिटर आणि हिवाळ्यात जादा आणलेला हीटर असे सगळे एकाच बोर्डावरून जोडलेले आम्ही पाहिले आहे, आणि तो बोर्ड हाताला गरम लागत होता. यंत्र आणणारे आम्ही असल्यामुळे या भाराची काळजी आम्हाला वाटणे साहजिक आहे. म्हणून सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडून त्या खोलीचा भार, अर्थिंग आणि स्टॅबिलायझरची गरज तपासून घेतल्याचा दाखला स्वीकृतीपत्रासोबत जोडलेला असावा. त्यासाठी नवे वायरिंग करावे लागणार असेल तर तो खर्च वर्गणीत धरता येईल. पण तो खर्च किती, हे आधी कळले पाहिजे.

मनुष्यबळाची अडचण आम्हाला ठाऊक आहे. तंत्रज्ञांची पदे रिक्त आहेत, आहेत त्यांच्यावर प्रतिनियुक्तीचा भार आहे, आणि ही पदे भरणे आपल्या हाती नाही. तरीही क्ष-किरण तंत्रज्ञ आठवड्यातील कोणत्या दोन दिवशी आमच्या रुग्णालयात असेल, एवढे लेखी ठरले आणि ते दारावर लावले गेले, तर वीस-पंचवीस किलोमीटरवरून आलेल्या हात मोडलेल्या माणसाला परत जावे लागणार नाही.

शहरांतील मोठ्या रुग्णालयांनी बदललेली जुनी यंत्रे ‘दान’ म्हणून खेड्याकडे पाठवण्याची रीत वाढते आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली उपकरणांच्या दानाविषयी जी तत्त्वे मांडली, त्यांत दर्जाबाबत दुहेरी माप नसावे हे एक आहे : जे यंत्र देणाऱ्याच्या स्वतःच्या रुग्णालयात चालणार नाही ते दुसऱ्याला देण्याजोगे नाही. दुसरे तत्त्व घेणाऱ्याच्या इच्छेचा आणि अधिकाराचा मान राखण्याचे आहे. ही दोन्ही तत्त्वे आम्हाला मनापासून पटतात, आणि ती केवळ खेड्यातील छोट्या दानापुरती नाहीत. २०२१ मध्ये पीएम केअर्स निधीतून औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मिळालेल्या अनेक व्हेंटिलेटरमध्ये दोष निघाल्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला होता. एवढ्या मोठ्या पातळीवरून आलेले यंत्रही तपासून घ्यावे लागते, तर आमच्यासारख्यांनी आणलेले यंत्र डोळे झाकून का घ्यावे? आपल्या अभियंत्याने ते तपासावे, नापसंत असेल तर तसे लिहून द्यावे. विक्रेत्याशी भांडायला ते पत्र आमच्या उपयोगी पडेल.

आमच्या बाजूने आम्ही काय करू, तेही स्पष्ट करतो. यापुढे रुग्णालयाच्या लेखी मागणीशिवाय आमचा गट एकही यंत्र विकत घेणार नाही, मग दाता कितीही मोठा असो आणि त्याचा आग्रह कोणत्याही यंत्राचा असो. प्रत्येक खरेदीच्या वेळी वर्गणीतील काही भाग आम्ही बाजूला ठेवू आणि तो वॉरंटी संपल्यानंतरच्या देखभाल करारासाठी तसेच सेन्सर, ईसीजीचा कागद, मॉनिटरच्या वायरी अशा लागणाऱ्या वस्तूंसाठी रुग्ण कल्याण समितीच्या खात्यात जमा करू. वापरण्याचे प्रशिक्षण कंपनीकडून सर्व पाळ्यांच्या सिस्टरांना मिळेपर्यंत विक्रेत्याची शेवटची रक्कम आम्ही देणार नाही. वापराच्या सूचना मराठीत छापून यंत्राजवळ लावू. आणि यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लावायची असेल तर तिच्याखाली शेवटच्या तपासणीची तारीख लिहिण्याची जागा असेल, असे आम्ही दात्यांना आधीच सांगणार आहोत. आई-वडिलांच्या स्मरणार्थ यंत्र देणाऱ्या माणसाला त्या दोघांच्या नावाखाली कोरी जागा दिसली, तर तो स्वतःच चौकशीला येईल.

देणगीच्या पावतीबाबतही एक विनंती आहे. अनेक समित्यांकडे आयकरात सवलत देणारी पावती देण्याची सोय नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईत नोकरी करणारी आमची मुले पैसे देण्यास तयार असूनही मागे राहतात. जिल्हा पातळीवर यातून मार्ग काढता आला तर पाहावे.

शेवटी कालमर्यादेविषयी. सोयाबीनचा पुढचा हंगाम दसऱ्याच्या आसपास सुरू होईल आणि तेव्हा आमचे स्वयंसेवक पुन्हा मोंढ्यात जातील. त्याआधी स्वीकृतीपत्राचा एक समान नमुना प्रत्येक जिल्ह्यात तयार व्हावा, आणि त्यात मागणी करणाऱ्या अधिकाऱ्याची सही, यंत्र बसण्याची जागा, चालवणाऱ्याचे पदनाम, पाणी व वीज तपासल्याचा दाखला, देखभालीचे लेखाशीर्ष आणि नोंदवहीतील क्रमांक हे रकाने असावेत. याआधी दान मिळालेली जी यंत्रे नोंदीविना आहेत त्यांची पाहणी करून चालू असलेली नोंदवहीत घ्यावीत, दुरुस्त होण्याजोगी दुरुस्तीला पाठवावीत आणि उरलेल्यांचे रीतसर निर्लेखन करून, म्हणजे ती निरुपयोगी ठरवून काढून टाकून, खोल्या मोकळ्या कराव्यात. आम्ही आजवर दिलेल्या उपकरणांची खरेदीच्या पावत्या व वॉरंटीच्या कागदांसह यादी आमच्या रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे याच आठवड्यात स्वतंत्रपणे देत आहोत. तिच्यावर पोच मिळावी आणि पाहणीची तारीख कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
ग्रामीण रुग्णालयासाठी लोकवर्गणी गोळा करणारे स्वयंसेवक,
बालाघाट परिसर, मराठवाडा